उधव्याची वळणे

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून धावणाऱ्यांना तलासरी म्हणजे गुजरात जवळ आल्याची खूण, एवढेच ठाऊक असते. तिथून पूर्वेला उधव्याकडे वळावे. थोड्याच वेळात ट्रकांची घरघर मागे पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरून हात उचलायला सवड मिळत नाही. हा काही खंडाळ्यासारखा नामांकित घाट नव्हे. खाचर वाचवायचे म्हणून रस्ता वळतो, टेकाड आले म्हणून वळतो, कुणाचा पाडा आला म्हणूनही वळतो. श्रावणात जावे. आवणी आटोपलेली असते, खाचरांत पाणी उभे असते, ताडांची रांग त्यात उलटी दिसते.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण चालकाने पाहायचे ते रस्त्याच्या कडेला. वारली पाडे विखुरलेले, त्यामुळे कुठल्या वळणाआड माणूस असेल याचा नेम नाही. शाळेची पोरे, मोळीवाल्या बाया, दोन कोंबड्या. गाडीचा आवाज आला की म्हातारी बाई हॉर्नची वाटही न पाहता चिखलात उतरून उभी राहते. मला ते पाहवत नाही.

कारण याच तालुक्यातल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही, असे ठरवून उठले. तोवर जमीनदाराच्या हाकेसरशी फुकट राबणे हाच इथला कायदा होता. लग्नासाठी चार पैसे उसने घेतलेला 'लग्नगडी' बायकोसकट सावकाराकडे राबत राही. कर्जखाती तपासत मी बँकेतून निवृत्त झालो, पण त्या व्याजाचा हिशेब मला आजही मांडता येत नाही. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळे लिहून ठेवले आहे. १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. रविवारी सहलीला निघणाऱ्याने गाडीत खाण्याच्या डब्यांशेजारी ते एक ठेवायला हरकत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन पुन्हापुन्हा हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. थंडीत माणसे घराबाहेर झोपली. बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच तालुक्यातून नेण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या रेघा मात्र नकाशावर सरळ पडल्या. कुणाच्या खाचरासाठी वळण्याची त्यांना सवय नाही.

सांगायचे ते एवढेच, की वळणावर हॉर्न हलका वाजवावा, वेग त्याहून हलका ठेवावा, आणि समोर मोळी दिसली तर आपणच चाक कडेला घ्यावे. कितीसा वेळ जातो? महामार्गावर एका चहाला लागतो तेवढाही नाही.

उधव्याच्या पुढे खानवेलची वाट लागते. तो मुलूख नगर हवेलीचा, १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. हद्द ओलांडली हे पाटीवरूनच कळते. कुडाच्या भिंती तशाच, ताड तसेच, आणि पलीकडच्या पाड्यातली माणसेही वारलीच.