उसाच्या फडातील मातेवर कॅमेऱ्याची नजर

हिवाळा सुरू होऊन साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांतून एक ठरावीक बातमी येऊ लागते. ऊसतोड सुरू असताना बिबट्याची पिल्ले सापडली! कोयता चालविणाऱ्या मजुराला पाचटात मांजराच्या पिल्लांएवढे दोन-तीन जीव दिसतात. तोड थांबते, गाव गोळा होते. आई कोठेच दिसत नाही. पण ती जवळपास दडलेली असणार हे सर्वांना ठाऊक असते आणि भीती त्याचीच असते.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या भागाला बारमाही पाणी दिले आणि पाण्यामागे ऊस आला. वर्षभर उभे राहणारे हे दाट पीक बिबट्याला रानासारखेच वाटते. कुत्री, शेळ्या, डुकरे हाताशी असतात. मादी तीन महिन्यांच्या गर्भधारणेनंतर येथेच विते. ध्रुवीय अस्वलाची मादी बर्फातील गुहेत महिनोन् महिने उपाशी राहून पिल्लांना पाजते. बिबट्याच्या मादीला ती सोय नाही. डोळेही न उघडलेली पिल्ले मागे ठेवून तिला शिकारीला जावेच लागते. म्हणून 'आईने टाकलेली' म्हणून उचलली जाणारी पिल्ले बहुधा टाकलेली नसतातच.

अशी पिल्ले उचलून पिंजऱ्यात वाढविली, तर ती जन्मभर पिंजऱ्यातच राहतात. कारण शिकार शिकविणारी आईच त्यांना उरत नाही. त्यामुळे वनखाते आणि माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्रात काम करणारी 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था वेगळी पद्धत वापरतात. पशुवैद्य पिल्लांची तपासणी करतात, गोचीड काढतात. अंधार पडताना, सापडली त्याच जागी, पिल्ले उघड्या क्रेटमध्ये ठेवली जातात. समोर कॅमेरा लावून माणसे दूर होतात. माणसाचा हात लागलेले पिल्लू आई स्वीकारत नाही, हा समज या कॅमेऱ्यांनी पुरता खोटा ठरविला आहे. मादी येते, हुंगते, क्रेट कलंडते आणि मानेला धरून एकेक पिल्लू नेते.

कॅमेरा येथे हौसेसाठी नसतो. सकाळी क्रेट रिकामे दिसले, तर पिल्ले आईने नेली की कुत्र्यांनी, हे त्याशिवाय कळणार कसे? एकच पिल्लू नेले असेल, तर दुसऱ्यासाठी थांबावे लागते. आई आलीच नाही, तर पिल्लांना पाजून दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करावा लागतो. ऑगस्ट २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीजवळ एका झोपडीतच मादी व्याली होती. चार पिल्ले तिने काही दिवसांनी हलविली, तीही कॅमेऱ्यासमोर. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ध्रुवीय अस्वलांच्या गुहांबाहेर २०१६ पासून असेच कॅमेरे लावण्यात आले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे पिल्ले आईविना क्वचितच बाहेर दिसली.

फरक एवढाच, की स्वालबार्डच्या गुहेशेजारी कोणाचे घर नाही. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. अशा गावाला 'पिल्ले आईकडे द्या' हे सांगणे सोपे नाही. परंतु पकडून दूर सोडण्याचा उपायही करून झालेला आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील शोधनिबंधानुसार, जुन्नर भागात वर्षाला सरासरी ४ असलेले हल्ले, २००१ मध्ये स्थलांतर सुरू झाल्यानंतर १७ वर गेले. पिल्ले हिरावलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते, हा धोका वेगळाच.

कॅमेरा लावलेल्या फडात निदान ती रात्र तरी कोणी पाऊल टाकू शकत नाही. तोडणी टोळीला मजुरी टनावर मिळते; थांबलेला दिवस तिच्या हिशेबातून जातो.