बास मासेमारीतील रीळ: किंमत आणि मोल यांचा मागोवा

अमेरिकेतील तळ्यांत, नद्यांत आणि धरणांच्या जलाशयांत बास हा शिकारी मासा गळाला लावण्यासाठी जे बेटकास्टिंग रीळ वापरले जाते, त्याचा सुमारे दोन शतकांचा इतिहास एकाच अडचणीभोवती घडत गेलेला आहे. काठीच्या झटक्याने फेकलेले आमिष हवेतून जाताना दोरी ओढते आणि त्या ओढीने रिळातील स्पूल, म्हणजे जिच्यावर दोरी गुंडाळलेली असते ती फिरकी, गरगर फिरू लागते. हे स्पूल आमिषापेक्षा अधिक वेगाने फिरू लागले, तर त्याला वेळेत आवरायचे कसे, ही ती अडचण होय. या अडचणीवर प्रत्येक पिढीने काढलेले उत्तर आरंभी महाग होते आणि पुढे स्वस्त होत गेले. त्यामुळे कोणत्याही काळात दामाला पुरेपूर मोल देणारे रीळ कोणते, या प्रश्नाचा निकाल जाहिरातीतील आकड्यांपेक्षा ते उत्तर त्या किमतीत कितपत प्रामाणिकपणे उतरले आहे, यावरूनच लागतो.

स्पिनिंग रीळ या दुसऱ्या प्रचलित प्रकारात फेकीच्या वेळी स्पूल स्थिर राहते आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. बेटकास्टिंग रिळात मात्र स्पूल आडव्या आसावर स्वतःच फिरते. आमिष काठीवरून सुटते तेव्हा त्याचा वेग सर्वाधिक असतो आणि क्षणार्धात स्पूलही तो वेग गाठते, परंतु हवेच्या विरोधामुळे आमिष मंदावू लागले तरी स्पूल आपल्या जडत्वामुळे पूर्वीच्याच गतीने फिरत राहते आणि मागणीपेक्षा जास्त दोरी बाहेर ढकलते. ही जादा दोरी फुगते, तिची सैल वेटोळी एकमेकांत अडकतात आणि जो गुंता होतो, तो कधी कधी कात्रीनेच सोडवावा लागतो. असे असूनही बास धरणाऱ्यांनी या रिळाला पहिली पसंती दिली, कारण जाड दोरी आणि जड आमिष त्याला सहज पेलते, दोरी वळसा न घेता सरळ रेषेत गुंडाळली जाते आणि स्पूलवर टेकवलेल्या अंगठ्याने आमिष हव्या त्या बिंदूवर थांबवता येते. बास बुडालेल्या झाडांच्या, खडकांच्या आणि पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो. तिथे आमिष वीतभर इकडेतिकडे पडले, तर फेक वाया जाते.

या रिळाची सुरुवात घड्याळजींच्या हातून झाली. केंटकी राज्यातील पॅरिस या गावचा घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बहुगुणक रीळ घडवले. दांडीच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे व्हावेत, अशी दातेरी चाकांची योजना ज्यात असते, ते बहुगुणक रीळ. पुढे त्याच राज्यातील फ्रँकफर्ट येथील मीक बंधू आणि बेंजामिन मायलम यांनी ही कला इतक्या उंचीवर नेली की त्यांची रिळे आजही संग्राहकांच्या कपाटांत मानाने ठेवली जातात. परंतु हाताने कापलेली चाके आणि एकेक करून बसवलेले स्क्रू यांमुळे असे रीळ सुखवस्तू माणसालाच परवडत असे, आणि ब्रेक म्हणून त्यात अंगठ्यावाचून काहीही नसे. मिशिगनमधील कॅलमझू येथील विल्यम शेक्सपिअर ज्युनियर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोरी स्पूलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी पसरवणारी यंत्रणा पेटंट करून बाजारात आणली. आडव्या मळसूत्री दांड्यावर मागेपुढे सरकणारी ही छोटी कडी आजही जवळजवळ प्रत्येक बेटकास्टिंग रिळात दिसते. पुढे अशी रिळे कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली, तरी फेकीच्या वेळी दांडीही स्पूलबरोबर उलटी फिरत राही आणि तिचे ओझे आमिषाला वाहावे लागे, ही उणीव बहुतेक रिळांत कायम राहिली.

ही उणीव दूर करून आधुनिक रिळाचा साचा ठरवणारे यंत्र स्वीडनमधून आले. स्वँगस्टा येथील आबू या कंपनीची स्थापना १९२१ मध्ये झाली होती. घड्याळे आणि टॅक्सीमीटर बनवणाऱ्या या कारखान्याला सूक्ष्म दातेरी चाके कापण्याची सवय होती, आणि १९५२ मध्ये त्याने जे लाल रंगाचे ‘अँबॅसेडर ५०००’ रीळ सादर केले, त्यात ती सवय ठायी ठायी दिसते. एक कळ दाबताच स्पूल दातेरी चाकांपासून सुटे होई, त्यामुळे फेकताना दांडी स्थिर राही आणि स्पूल एकटेच मोकळे फिरे. त्याच्या जोडीला केंद्रोत्सारी ब्रेक होता. स्पूलच्या आसावर आडव्या तारांत ओवलेले दोन लहान ठोकळे, स्पूल वेगाने फिरू लागताच बाहेर फेकले जाऊन सभोवतालच्या कड्याला घासत आणि गती आवरत. फिरण्यातून निर्माण होणारा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच हा ब्रेक फेकीच्या आरंभी, गुंत्याचा धोका सर्वाधिक असताना कडक लागतो आणि वेग उतरला की आपोआप ढिला पडतो. पुढची सत्तर वर्षे अभियंत्यांनी जे केले, ते बव्हंशी या दोन कल्पनांना घासूनपुसून सुबक करणे होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. गार्शिया कंपनीमार्फत अमेरिकेत विकले जाणारे हे रीळ स्वस्त नव्हते, तथापि त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळे आणि घरच्या मेजावर पेचकसाने उलगडून, तेल देऊन ते पुन्हा जोडता येई. अनेक कुटुंबांत बापाचे अँबॅसेडर मुलाने वापरले. खरेदीची किंमत वापराच्या वर्षांनी भागली, तर त्या काळातील महाग रीळच स्वस्त पडत होते, ही गोष्ट आजच्या ग्राहकानेही विसरण्यासारखी नाही.

मागणीचे स्वरूप मात्र दुसऱ्याच कारणाने पालटले. टेनेसी खोऱ्याचे प्राधिकरण १९३३ मध्ये स्थापन झाल्यानंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात धरणांमागून धरणे झाली, आणि पाण्याखाली गेलेल्या जंगलांत बासची संख्या झपाट्याने वाढली. अलाबामातील विमाविक्रेता रे स्कॉट याने जून १९६७ मध्ये अर्कान्सामधील बीव्हर जलाशयावर मोठी स्पर्धा भरवली, त्यानंतर बास धरणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली आणि १९७१ मध्ये नेवाडातील लेक मीड येथे दहा हजार डॉलर बक्षिसाची पहिली ‘बासमास्टर क्लासिक’ झाली. दिवसभरात शेकडो वेळा आमिष फेकणाऱ्या स्पर्धकाला गोल, उंच आणि जड रीळ मनगटाला जाचू लागले. अलाबामातीलच ल्यू चिल्ड्रे याने ही अडचण ओळखून १९७० च्या दशकात ‘स्पीड स्पूल’ हे बुटके, तळहातात मावणारे रीळ आणले. त्याच्या निर्मितीत ज्या जपानी शिमानो कंपनीचा हात होता, तिने १९७८ मध्ये ‘बँटम’ या नावाने स्वतःचीच मालिका काढली. सायकलचे सुटे भाग बनवण्यात मुरलेल्या या कंपनीला हलक्या धातूचे ओतकाम आणि अचूक घडण परकी नव्हती. शिवाय बास जपानलाही अपरिचित नव्हता: १९२५ मध्ये तो अमेरिकेहून आणून आशी सरोवरात सोडण्यात आला होता, आणि पुढे तो इतका पसरला की स्थानिक माशांना धोका म्हणून २००५ मध्ये तेथील परकीय प्रजातींच्या कायद्याखाली त्याच्यावर निर्बंध आले. आपल्या पाण्यांत नकोशा ठरलेल्या माशासाठी जपान्यांनी जगातील सर्वांत नाजूक रिळे घडवावीत, हा या इतिहासातील एक विलक्षण योग होय.

१९८० च्या दशकात दाइवा या दुसऱ्या जपानी कंपनीने चुंबकीय ब्रेक रुजवला. ॲल्युमिनियमचे स्पूल चुंबकांच्या क्षेत्रात फिरले की त्या धातूत भोवरी विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि ते गतीला विरोध करतात. यात घर्षण नसल्याने काहीही झिजत नाही आणि रिळाच्या कुशीवरील चकती फिरवून तो बाहेरूनच कमीजास्त करता येतो. त्याचा विरोध वेगाच्या साध्या प्रमाणात वाढतो, म्हणून फेकीच्या उत्तरार्धातही तो काहीसा टिकून राहतो आणि अंतर थोडे घटते. उलट वाऱ्याच्या तोंडावर फेकताना किंवा नवशिक्याच्या हातात तो अधिक विश्वासू ठरतो. केंद्रोत्सारी की चुंबकीय, हा वाद रीळवेड्यांत अजून रंगतो, परंतु ज्याला दिवसातून अनेकदा आमिषाचे वजन बदलावे लागते, त्याला बाहेरून जुळवता येणारा ब्रेकच सोयीचा पडतो, मग त्यामागील तत्त्व कोणतेही असो.

पुढच्या दोन दशकांतील जाहिरातबाजीने मात्र ग्राहकाची दिशाभूलच अधिक केली. रिळात किती बेअरिंगे आहेत, हा आकडा खोक्यावर ठळक छापला जाऊ लागला आणि जितकी बेअरिंगे जास्त तितके रीळ चांगले, असा समज पसरला. फेकीचा दर्जा वस्तुतः स्पूलच्या दोन टोकांना असणाऱ्या बेअरिंगांवर आणि स्पूलच्या वजनावर ठरतो. दांडीच्या मुठींत कोंबलेली चार साधी बेअरिंगे त्यात काहीच भर घालत नाहीत. रोधक, ज्याला सर्वत्र ड्रॅग म्हणतात आणि जो जोरात पळणाऱ्या माशाला दोरी तुटू न देता थोडी थोडी सोडतो, त्याचीही हीच गत झाली. पंधरा पौंड ताकदीच्या दोरीवर ड्रॅग साधारणपणे तिच्या तिसऱ्या हिश्शाला किंवा त्याहून कमी लावला जातो, म्हणजे दोन किलोंच्या आसपास. मग दहा किलोंच्या ड्रॅगची बढाई बासच्या बाबतीत कोणत्या कामाची? ड्रॅगचा कमाल जोर गौण असून तो झटका न देता गुळगुळीत सुटतो का, हे पाहायचे असते, आणि ते कार्बन तंतूंच्या चकत्यांमुळे साधते.

गिअर गुणोत्तराचा आकडा त्यामानाने अर्थपूर्ण आहे. सातास एक गुणोत्तर म्हणजे दांडीच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात फेरे, आणि बत्तीस मिलिमीटर व्यासाच्या भरलेल्या स्पूलवर त्यातून सुमारे सत्तर सेंटिमीटर दोरी आत येते. पाचास एक असेल, तर सुमारे पन्नास. खोल बुडी मारणारी, पाण्याला फार विरोध करणारी आमिषे मंद गुणोत्तराने ओढताना हाताला कमी श्रम पडतात, तर आडोशात सोडलेल्या आमिषावर मासा लागताच सैल दोरी झटपट आवरायला जलद गुणोत्तर हवे. एकच रीळ घेणाऱ्याने सहास एक ते सातास एक यांच्या दरम्यानचे गुणोत्तर निवडावे, असा जो सल्ला जुने जाणते देतात, तो या हिशेबातूनच आलेला आहे.

परवडणाऱ्या रिळांचा खरा काळ उजाडला तो २०१० नंतर. कोरिया आणि चीन येथील कारखान्यांत संगणकनियंत्रित कापकाम स्थिरावले होते, आणि एकेकाळी वरच्या श्रेणीपुरती असलेली घडण खालच्या श्रेणीत झिरपू लागली. दाइवाने २०१३ मध्ये ‘टाटुला’ हे रीळ सुमारे दीडशे डॉलरांत आणले. दोरी बाहेर जाण्याची खाच फेकीच्या वेळी रुंद होऊन दोरीचे घर्षण घटावे, ही त्यातील योजना होती. २०१८ मध्ये शिमानोने ‘एसएलएक्स’ शंभर डॉलरांत दिले, आणि त्याच वर्षी ‘कुराडो डीसी’ या रिळात संगणकीय ब्रेक अडीचशे डॉलरांपर्यंत उतरला. हा ब्रेक कंपनीने जपानमध्ये २००३ मध्ये पहिल्यांदा आणला होता. फिरणाऱ्या स्पूलपासूनच वीज निर्माण करून एक सूक्ष्म प्रक्रियक त्याचा वेग क्षणोक्षणी मोजतो आणि त्यानुसार रोध लावतो. त्याला बॅटरी लागत नाही. शिकाऊ माणसाला तो मोठा आधार देतो, परंतु शिकलेल्या अंगठ्याची जागा तो पूर्णपणे घेत नाही, आणि तो बिघडल्यास घरच्या पेचकसाने दुरुस्त होत नाही.

या साऱ्या वाटचालीचा निष्कर्ष आजच्या खरेदीला लावला, तर शंभर ते दीडशे डॉलरांच्या पट्ट्यात बास धरणाऱ्याला लागणारे जवळजवळ सर्व काही मिळते: न लवचणारी ॲल्युमिनियमची चौकट, पितळेचे मुख्य गिअर, बाहेरून जुळणारा ब्रेक आणि दोनशे ग्रॅमच्या आसपासचे वजन. त्यापुढे दिलेला पैसा मुख्यतः वजनातील थोड्या ग्रॅमांच्या घटीला आणि गिअरांच्या मुलायमपणाला जातो. तो अपव्यय नव्हे, पण त्याने मासे वाढत नाहीत. पन्नास डॉलरांखालील रीळ शिकण्यापुरते चालते, मात्र त्यातील मऊ गिअर आणि प्लॅस्टिकची चौकट जोराच्या ओढीखाली किंचित लवते, दाते नीट जुळेनासे होतात आणि एखाददोन हंगामांत दांडी खरखरू लागते. एक अपवाद किमतीचा नसून आमिषाचा आहे. दहा ते चौदा ग्रॅमचे आमिष कोणतेही बरे रीळ नीट फेकते, पण सात ग्रॅमपेक्षा हलके आमिष जड स्पूलला गती देऊ शकत नाही, कारण जडत्व वस्तुमानाबरोबर आणि त्रिज्येच्या वर्गाबरोबर वाढते. त्यासाठी जपान्यांनी अतिशय हलक्या, उथळ स्पूलची निराळी जात विकसित केली आहे. ती स्वस्तात चांगली मिळणे अवघड, आणि तिथे साधे स्पिनिंग रीळ घेणे अधिक शहाणपणाचे.

महाराष्ट्रात बास नाही, परंतु तळ्यांतील मरळ आणि कोकणच्या खाड्यांतील जिताडा गरवणाऱ्या हौशी मंडळींच्या काठ्यांवर हीच बेटकास्टिंग रिळे चढू लागली आहेत, कारण या दोन्ही माशांची आडोशाला दबा धरण्याची रीत बाससारखीच आहे. खाडीच्या बाबतीत निवडीची एक कसोटी वाढते. गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या रिळात खारे पाणी शिरले, तर स्पूलची बेअरिंगे सर्वांत आधी गंजतात, म्हणून प्रत्येक वापरानंतर ते गोड्या पाण्याने हलकेच धुऊन, पूर्ण सुकवून, बेअरिंगांना पातळ तेलाचा एकेक थेंब आणि गिअरांना वंगण द्यावे लागते. यासाठी स्पूल आणि कुशीची झाकणे अवजाराविना उघडणारी असावीत, आणि बेअरिंगे प्रचलित मापाची असून ती सुटी मिळतात की नाही, याची चौकशी रीळ घेण्यापूर्वीच करावी.