पोटदुखीची प्रश्नावली मुलांच्या बोलीत पारखायला हवी

कोरेगाव - मुलांच्या पोटदुखीच्या कित्येक तक्रारींत रक्ततपासणी आणि सोनोग्राफीचे अहवाल निर्दोष येतात. अशा वेळी मूल काय सांगते, यावरच निदानाची भिस्त असते. २०१६ मधील ‘रोम-४’ हे आंतरराष्ट्रीय निकषही लक्षणे किती वेळा आणि किती काळ जाणवली, हेच पाहतात. म्हणूनच लक्षणे विचारणारी प्रश्नावली शास्त्रीय कसोटीवर उतरलेली असावी लागते.

अमेरिकेतील जेम्स वार्नी व त्यांच्या सहकाऱ्यांची ‘पेड्सक्यूएल’ प्रश्नावली या क्षेत्रात परिचित आहे. तिच्या पचनविकारविषयक भागात पोटदुखी, मळमळ, गॅस, बद्धकोष्ठता, जुलाब आदींविषयी प्रश्न आहेत. पाच ते सात वर्षांची मुले चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून उत्तरे देतात. मोठी मुले ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंतचा पर्याय निवडतात. पालकांसाठी स्वतंत्र प्रश्नावली असते, कारण मुलाला होणारा त्रास आणि आईवडिलांना दिसणारा त्रास सारखाच असतो, असे नाही.

अशी प्रश्नावली मराठीत आणताना केवळ भाषांतर पुरत नाही. ‘बद्धकोष्ठता’ हा शब्द पुस्तकी आहे. घरात ‘पोट साफ होत नाही’, ‘खडा होतो’ असे म्हटले जाते. साताऱ्याकडील आजी ‘परसाकडे’ म्हणते, तर नातू ‘शी’ किंवा ‘संडास’. ‘कळ’, ‘मुरडा’ आणि ‘गुबारा’ यांतील फरकही प्रत्येक मुलाला ठाऊक असेलच असे नाही.

या फरकाचा परिणाम थेट उपचारांवर होऊ शकतो. जुन्या बद्धकोष्ठतेत साचलेल्या घट्ट मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि कपडे खराब होतात. घरचे त्याला जुलाब समजतात. प्रश्न संदिग्ध असेल, तर नोंदही ‘जुलाब’ अशीच होते आणि जुलाब थांबविण्याचे औषध दिल्यास मूळ विकार बळावतो.

त्यामुळे दोन जणांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरे जुळवून, तिसऱ्याकडून ती मूळ भाषेत उलट भाषांतरित करून घेतली जातात. नंतर मुलांना प्रश्न वाचून दाखवून ‘तुला यातून काय समजले?’ असे विचारले जाते. पुढची पायरी आकडेवारीची. एकाच लक्षणाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे परस्परांशी जुळतात का, हे क्रॉनबाख अल्फा दाखवितो. तो साधारण ०.७० किंवा अधिक असावा लागतो. प्रकृती स्थिर असताना काही दिवसांनी पुन्हा विचारल्यास उत्तरे तशीच येणे ही विश्वसनीयता. निरोगी आणि आजारी मुलांच्या गुणांत स्पष्ट अंतर पडणे, हा सप्रमाणतेचा एक पुरावा.

तथापि, प्रश्नावली हा डॉक्टरांना पर्याय नव्हे. वजन घटणे, शौचातून रक्त पडणे, वारंवार उलट्या होणे किंवा दुखण्याने झोपेतून जाग येणे, यांपैकी काहीही आढळल्यास मुलाला विनाविलंब बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एरवीही दुखणे कधी व कुठे झाले आणि शौच कसे झाले, याची पालकांनी दोन आठवडे मुलाच्याच शब्दांत ठेवलेली नोंद डॉक्टरांना उपयोगी पडते.