बाटलीतलं रोप आणि खारं पाणी

मी कवितेचा माणूस. बी. ए. केलं तेही मराठी घेऊन. त्यामुळे शास्त्रावर बोलायचं म्हटलं की जरा बिचकायला होतं. पण मिठाशी माझं जुनं भांडण आहे. आमचं गाव खारेपाटातलं. मी शाळेत असताना एकदा उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली आणि रात्रीतून खाडी शेतात शिरली. अब्बांनी लावलेली वांगी आणि मिरच्या सकाळी उभ्या होत्या, दुपारी त्यांनी माना टाकल्या. अब्बा म्हणाले, "पाण्यात उभी राहून तहानेनं मेली बघ."

ते अक्षरशः खरं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मातीतलं मीठ पाणी धरून ठेवतं, मुळांना ते ओढता येत नाही. हा पहिला मार. दुसरा सावकाश बसतो. मिठातलं सोडियम पानांत साचतं, पोटॅशियमची जागा बळकावतं आणि पानांच्या कडा करपतात. घेवडा लवकर हरतो. टोमॅटो थोडा तग धरतो. बीट बरंच सोसतं. त्याचे पूर्वज समुद्रकाठचेच.

पुढे एका कृषी महाविद्यालयाची ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा पाहिली. काचेच्या बाटल्यांत आगरच्या थरावर बोटभर टोमॅटोची रोपं. त्या थरात साखर, क्षार, जीवनसत्त्वं. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेली ही कृती आजही जगभर चालते. एका रांगेत जादा मीठ नाही, दुसरीत लिटरला तीन ग्रॅम, तिसरीत सहा. शेतात मीठ जागोजाग वेगळं, वर ऊन-पाऊस. इथं फरक फक्त मिठाचा. शिवाय एका बशीत पेशींचे असंख्य पुंजके वाढवता येतात. खाऱ्यात जगतील त्यांच्यापासून रोपं करायची.

जगणाऱ्या पेशी करतात काय? प्रोलीन नावाचं द्रव्य साठवून पाणी आत राखतात आणि सोडियम एका कोठीत कोंडून ठेवतात. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी या कोंडण्याच्या कामाचं जनुक टोमॅटोत वाढवलं. लिटरला जवळपास पावणेबारा ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारेपणा, त्या झाडांनी सोसला. मीठ साचलं पानांत, फळात फारसं गेलं नाही.

मी खूश झालो. तिथल्या बाई हसल्या. म्हणाल्या, "दादा, बाटलीत हवा दमट, साखर आयती. पानातून पाणी उडत नाही, म्हणून मीठही फारसं वर चढत नाही. शेतात गेल्यावर हिशेब बदलतो." पुंजक्याला मिठाची नुसती सवय झालेली असते, त्याचं रोप झालं की कधी कधी तीही जाते. म्हणून प्रत्येक रोपाची आणि त्याच्या पुढच्या पिढीची खाऱ्या मातीतच परीक्षा घ्यावी लागते.

अब्बांकडे बाटल्या नव्हत्या. त्यांनी खांड बुजवली आणि दोन पावसाळे गोडं पाणी शेतात कोंडून सोडत राहिले. तिसऱ्या वर्षी वांगी धरली. खाडीकडच्या कोपऱ्यात मात्र मिरची आम्ही अजून लावत नाही.