रिकाम्या पुळणीचीही नोंद

थंडी सुरू झाली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या पुळणीवर गावातली माणसं उजाडायच्या आत फेरीला निघतात. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री अंडी घालून समुद्रात परतलेली असते. मागे उरतो तिचा माग. डाव्या-उजव्या पायांचे ठसे एकाआड एक उमटलेले, भरतीच्या रेषेवरून वर गेलेले आणि वळून पुन्हा पाण्याकडे आलेले. माग वळतो तिथे वाळू विस्कटलेली असते. बारीक काठी हलक्या हाताने टोचत गेलं की एका जागी ती सहज आत जाते, आणि तिथेच खाली शंभर-सव्वाशे अंडी असतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन हे काम सुरू केलं. त्याआधी माणसं अंडी काढून नेत, उरलेली कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जात. आज कोकणात अनेक गावांत घरटी राखणारे कासवमित्र आहेत. तरीही ही फेरी म्हणजे अंडी वाचवण्याचं हंगामी काम, एवढंच आपण धरून चालतो. माझ्या मते तिचं मोल याहून मोठं आहे. एकाच किनाऱ्यावर कुणीतरी रोज डोळे उघडे ठेवून चालतंय, ही गोष्ट कोणत्याही उपग्रहाला साधणारी नाही. ती फेरी बारमाही व्हावी, आणि कासवांसोबत वाळू व माणसांचा वावरही वहीत उतरावा.

ओडिशात 2021 मध्ये टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या कासवांचा एकमेकांशी संबंध नसावा, या समजाला त्यामुळे धक्का बसला. पण ती आली तेव्हा किनाऱ्यावर माणूस होता, म्हणूनच ही गोष्ट कळली. रोजच्या नोंदीचं खरं बळ मात्र अशा भाग्याच्या दिवशी दिसत नाही. ते काहीच न सापडलेल्या दिवसांत असतं. यंदा घरटी जास्त मिळाली, तर कासवं वाढली की फेऱ्या वाढल्या? किती दिवस, किती अंतर चाललो आणि त्यातल्या किती फेऱ्या रिकाम्या गेल्या, हे लिहिलेलं नसेल तर उत्तर देता येत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वयंसेवक ठरलेल्या पट्ट्यात चालून मेलेले समुद्रपक्षी मोजतात. 2015-16 मध्ये तिथे आणि अलास्कात ‘कॉमन मर’ या पक्ष्याचे सुमारे 62,000 मृत किंवा मरणासन्न पक्षी किनाऱ्याला लागले. ही संख्या नेहमीपेक्षा किती भयंकर आहे हे ठामपणे सांगता आलं, कारण नेहमीचं प्रमाण किती असतं हे साध्या, कंटाळवाण्या महिन्यांत कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

वाळूचं तर याहून अवघड. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या 1990 ते 2018 च्या अभ्यासानुसार देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजतो आहे. पण आपल्या गावच्या पुळणीचं काय? पावसाळ्यातलं उधाण वाळू ओढून नेतं, हिवाळ्यापर्यंत त्यातली बरीचशी परत येते. जुलैतला फोटो पाहून किनारा बुडाला म्हणणं चूक, आणि जानेवारीतला पाहून निर्धास्त होणंही चूक. दरवर्षी त्याच महिन्यात, ओहोटीला, पक्क्या खुणेपासून मोजणी हवी. त्याची युक्ती एमरी या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये मांडली आहे: सारख्या उंचीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या आणि ठरावीक लांबीची दोरी. पुढची काठी समुद्राच्या बाजूला धरायची, मागच्या माणसाने तिचं टोक क्षितिजाशी जुळवून पाहायचं. ती रेषा मागच्या काठीला टोकाच्या जितकी खाली छेदते, तितका उतार. मग दोन्ही काठ्या पुढे सरकवायच्या. शाळेतली मुलंही हे करू शकतील. कासवांचा हंगाम संपला की फेऱ्या थांबतात, आणि वाळू सर्वांत जास्त हलते ती त्यानंतर, जून ते सप्टेंबरमध्ये.

हौशी माणसांची आकडेवारी भरवशाची कशी, असं विचारलं जातं. जे साध्या डोळ्यांना दिसतं तेच विचारलं, सोबत फोटो घेतला आणि काही नोंदी जाणकाराने तपासल्या, तर ती भरवशाची होते. हे सरकारचं काम आहे, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे: बंदोबस्त आणि कारवाई सरकारनेच करावी, पण वनरक्षक रोज प्रत्येक पुळणीवर पोहोचू शकत नाही. खरा कठीण प्रश्न वेगळाच. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला भरणाऱ्या कासव महोत्सवामुळे गावात पर्यटक येतात, घरगुती मुक्कामातून चार पैसे मिळतात. मग वाळूत उतरलेल्या गाड्या, किंवा पिल्लांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढणारे रात्रीचे दिवे गावचाच माणूस कसा लिहील? शेजाऱ्याशी वैर कोण घेणार? म्हणून वहीत कुणाचं नाव नको. किती गाड्या, कोणत्या खुणेपर्यंत, किती वाजता, एवढंच पुरे. शेजारच्या गावच्या कासवमित्रांनी मधूनमधून एकमेकांच्या पुळणीवर फेरी मारावी, म्हणजे ओझं एकट्यावर पडणार नाही. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी; उद्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा प्रस्ताव आला, तर तो कुठे हवा आणि कुठे नको हे ग्रामसभेला त्या आकड्यांवरून विचारता येईल.