भाड्यासाठी पहिले घर घेताना



उसाचे बिल जमा झाले की गट कार्यालयात एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, तालुक्याला एखादं जुनं घर घेऊन भाड्यानं लावावं म्हणतो. कसं राहील?" विचार चांगला आहे. उसाचा पैसा वर्षातून एकदा, भाडे महिन्याच्या महिन्याला. पण घर हेही एक पीकच आहे. त्याला लागणीचा खर्च आहे आणि पुढे खोडव्यासारखे राखावेही लागते. मी स्वतः ठेच खाल्ली, म्हणून लिहितो.

आधी हिशेब करू. समजा घराची किंमत १२ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी व वकील मिळून ९० हजार धरा. दुरुस्ती २ लाख १० हजार. म्हणजे घर १२ लाखांना नव्हे, १५ लाखांना पडले. भाडे महिना ६ हजार, पण वर्षाचे ११ महिनेच धरा, कारण मध्ये घर रिकामे राहतेच. झाले ६६ हजार. घरपट्टी व किरकोळ दुरुस्तीचे १२ हजार वजा जाता हाती ५४ हजार, म्हणजे शेकडा ३.६० पडले. आता १० लाख कर्ज ९ टक्क्यांनी काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ९० हजार होते. भाड्यातून कर्ज फिटेल या भरवशावर राहाल, तर उरलेला हप्ता उसाच्या बिलातून जाईल. तेव्हा घर शक्यतो शिलकीच्या पैशातूनच घ्यावे. भाड्याचे उत्पन्न शेतीचे धरत नाहीत, त्याचा आयकराचा हिशेब वेगळा असतो, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट कागदाची. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. नगर भूमापन झालेल्या गावात मिळकत पत्रिका काढा, वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्या, बहिणींचे हक्क सुटलेत का ते पाहा. घरात जुना भाडेकरू असेल तर घर विकत घेतले म्हणून तो आपोआप निघत नाही.

आता माझी ठेच. २०१६ साली मी दोन खोल्यांचे दगडमातीचे घर घेतले. हौसेने आधी फरशी व रंग केला, भिंतींना सिमेंटचा गिलावा दिला. पहिल्याच पावसाळ्यात कौलांतून पाणी उतरले, जोत्यातून ओल चढली आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटला. लहान मूल घेऊन राहणारा भाडेकरू श्रावणातच गेला. त्याची चूक नव्हती. खोडव्याचे बुडखे जमिनीलगत छाटल्याशिवाय नुसता युरिया टाकणारा शेतकरी आणि मी, दोघे सारखेच.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिले छप्पर व पावसाचे पाणी घरापासून लांब नेणे. मग मोरी, संडास व सांडपाणी. मग वीज : जुनी वायर बदला, अर्थिंग नीट करा. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा बरा, तो ओल कोंडून धरत नाही. फरशी व रंग सर्वांत शेवटी. जमल्यास एक पावसाळा जाऊ द्या, घर आपली दुखणी आपणच सांगते.

शेवटी करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचेच म्हणणे धरले जाते. "ओळखीचा माणूस आहे" म्हणून तोंडी व्यवहार करू नका. अनामत रकमेची पावती द्या, भाडे बँकेतून घ्या.

दरसाल मिरगाच्या आधी एकदा कौलावर चढून पाहत जा. चांगला राखलेला खोडवा शेतकऱ्याला हात देतो, तसेच घरही देते.

आपला,
ऊस विकास अधिकारी