रॉक मशीन, मग इंडस क्रीड

सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेत बँजो पार्टी वाजू लागली की बँजोवर कोण बसलाय हे कुणी विचारत नाही. वाजवणारे येतात-जातात, बोर्डावरचं नाव तेच, कारण गाडी, भोंगे आणि सुपारी मालकाची. मुंबईच्या एका हार्ड रॉक बँडनं मात्र नावच टाकून दिलं आणि जमेल तेवढी माणसं धरून ठेवली.

‘रॉक मशीन’ १९८४ साली सुरू झाला. तेव्हा मुंबईत रॉक म्हणजे डीप पर्पल किंवा लेड झेपेलिनची सत्तरच्या दशकातली गाणी हुबेहूब वाजवणं. लोक त्यासाठीच येत, आणि सोलो एका सुरानं चुकला तरी पकडत. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन. सुरुवातीचा गायक गेला, उदय बेनेगल आला; की-बोर्डवर झुबिन बालापोरिया. या मंडळींनी स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचं ठरवलं, हा त्यांचा खरा पराक्रम. १९८८ आणि १९९० मध्ये दोन अल्बम आले. चाली स्वतःच्या, पण केस, कातडी जाकिटं आणि तारस्वर अमेरिकेचे. आज ऐकताना हसू येतं, तरी तिनईकरांची गिटार कान सोडत नाही.

१९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. केबलवर एमटीव्ही पोचलेलं होतं. ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला त्या वाहिनीचा आशियाई प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. नव्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला, पण त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ घराघरांत वाजत होतं. वाहिन्यांना हिंदी पॉप सापडला आणि इंग्रजीत गाणारे देशी पोरके झाले. १९९७ मध्ये बँड फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे ‘आम्स फॉर शांती’ काढला.

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर, बालापोरिया पुन्हा एकत्र आले. सोबत बासवर रुशाद मिस्त्री, ड्रमवर जय राव कवी, दोघंही पुढच्या पिढीतले. २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं काम. गाणी लांब, ठेका अवघड, गिटारला श्वास घ्यायला जागा. सत्तरचं दशक इथेही आहेच, पण आता ते कुणाला दाखवण्यासाठी वाजत नाही. जुन्या गाण्यांची फर्माईश अर्थातच थांबली नाही. फरक एवढाच, की आता फर्माईश त्यांच्याच गाण्यांची होती.